करू की

डॉक्टर इनामदार सांगलीच्या.
पहिल्या भेटीत वजनकाट्यावरून उतरताना
माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं
आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली, 'कुठली गं तू?'
सोहारमध्ये पोट मराठीत तपासून घ्यायचं सुख
सांगून कुणाला कळायचं नाही.

विसाव्या आठवड्यात
माझ्या जुन्या वणावरून बोट फिरवलं त्यांनी.
आडवा आहे, छान भरलाय, चार वर्षं झालीत.
नॉर्मलचा प्रयत्न? करू की.
ते 'की' मी घरी आणलं
औषधांच्या पावतीच्या घडीत
आणि उशाशी ठेवून झोपले कितीतरी रात्री.

छत्तिसाव्यात त्या स्क्रीनकडे बघत बोलल्या,
पहिल्यांदाच इंग्रजीत.
बाळ मोठं. रिस्क. पॉलिसी.
एकोणीस तारखेला सकाळचा स्लॉट.
मी म्हटलं, पण तुम्ही म्हणाला होतात...
उत्तरही इंग्रजीतच आलं.
टेबल होतं तेवढंच रुंद होतं,
तरी मला आवाज चढवावा लागला.

गाडीत शेखर म्हणाला, त्यांना जास्त कळतं.
दोन राउंडअबाउट गप्प.
मग, इन्शुरन्समध्ये बसेल सगळं.
मी खिडकीतून बंदराकडे जाणारे ट्रेलर मोजत राहिले.

शाल्मलीच्या वेळी चौदा तास कळा, मग हिरवा पडदा.
पलीकडे कुणीतरी पार्किंगबद्दल बोलत होतं.
तिला लांबूनच दाखवलं मला,
दुसऱ्या कुणाची असल्यासारखं.
चिपळूणहून आत्याचा फोन:
सुटलीस गं बाई, मोकळी झालीस!
मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते अजून.
आमच्या भाषेत बाई अडते, नाहीतर मोकळी होते.
जिला उघडून पुन्हा शिवली
तिच्यासाठी शब्दच नाही.

धोका मला ठाऊक आहे.
दोनशेंत एखादीचा वण उसवतो.
ती एखादी मी रोज रात्री मोजते,
उरलेल्या एकशे नव्याण्णव जणीही मोजते
आणि झोप लागत नाही.
सुरी लागलीच तर लागू दे.
पण आधी कुणीतरी म्हणायला हवं ना,
करू की.

फाइल मागितली तेव्हा
काउंटरवरच्या शीजानं वर पाहिलं नाही.
प्रिंटर चालू केला.
मागच्या ऑपरेशनचा रिपोर्टही दिला, जो मी मागितला नव्हता.
पानं गरम होती.
स्टेपल मारता मारता हळूच म्हणाली,
मस्कतला एक सुदानी सिस्टर आहे, इख्लास.
मी पाठवलं म्हणून सांगा.

इख्लासनं हात धुतले,
तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणली,
मग पोटाला लावले.
तिला मराठी नाही, मला अरबी नाही,
दोघींचं हिंदी वेगवेगळ्या जागी मोडकं.
रिपोर्टच्या एकेका ओळीखाली तिचं नख फिरलं,
आतल्या खोलीतल्या डॉक्टरला ती दोनदा विचारून आली.
म्हणाली, करेंगे.
मग बोट रोखून:
लेकिन मैं बोली काटना है, तो काटना है. कबूल?
कबूल, मी म्हटलं.
या सगळ्यात मला कुणी काही
पहिल्यांदाच विचारलं होतं.

शुक्रवारी पहाटे शेखर एकटाच गाडी घेऊन गेला.
मला वाटलं, पेट्रोल भरायला.
दुपारी फ्रिजवर एक कागद दिसला, त्याच्या तिरक्या अक्षरात:
सहम, खाबूरा, सुवैक, मुसन्ना, बरका.
प्रत्येकापुढे किलोमीटर, आणि हॉस्पिटलचा नंबर.
खाली: दोन तास दहा मिनिटं, न पळवता.
मी काही बोलले नाही. त्यानंही नाही.

उद्या एकोणीस.
क्लिनिकचा मेसेज आलाय:
रात्री बारानंतर काही खाऊ नये.
साडेबारा वाजलेत. बाळ जागं आहे.
मी भात गरम केलाय,
वर तूप वाढून घेतेय,
अजून थोडं.